कोरडे, राठ आणि ठिसूळ केस : उपाय नेमका कोठे करायचा?

वेणीफणी
गेल्या दीड वर्षात माझे केस इतके ठिसूळ झाले आहेत की विंचरून झाल्यावर कंगव्यात अडकतात त्यापेक्षा जास्त तुकडे खांद्यावर पडलेले असतात. मुळापासून गळालेला केस ओळखता येतो, कारण त्याच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते. माझ्या खांद्यावर पडतात ते दोन-तीन बोटे लांबीचे, दोन्ही टोकांना सारखेच दिसणारे तुकडे. त्यामुळे ही केसगळती नसून केस मध्येच तुटत आहेत, एवढे माझे मला कळले आहे. शेंड्यांना फाटे फुटले आहेत, गुंता सोडवताना कराकरा आवाज येतो आणि हात फिरवला तर खराट्यावरून फिरवल्यासारखे वाटते.

पूर्वपीठिका लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी मी केस ब्लीच करून रंगवले, त्यानंतर काही महिन्यांनी ते सरळ करून घेण्याची एक रासायनिक प्रक्रिया केली आणि ती उतरू लागल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा तापलेल्या स्ट्रेटनरने ते काम घरीच करू लागले. सहा महिन्यांपूर्वी स्ट्रेटनर कपाटात ठेवून दिला. तेव्हापासून रोज रात्री भरपूर तेल, आठवड्यातून एकदा अंड्याचा लेप, चमक यावी म्हणून शेवटच्या पाण्यात लिंबाचा रस, सल्फेट नसलेला शाम्पू आणि चार महिने बायोटिनच्या गोळ्या, असे सगळे एकाच वेळी चालू आहे. प्रत्येक उपायाने दोन-तीन दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यांतले काय चालू ठेवावे, काय थांबवावे आणि मुळात माझे केस पूर्ववत होतील का, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

निरभ्र
दिवसभरात पाणी पुरेसे पिता का? माझ्या अनुभवाप्रमाणे कोरडेपणा आतूनच येतो. शरीरात ओलावा असेल तर तो केसांतही उतरतो.

रेणूबंध
निरभ्र यांच्या सूचनेचा हेतू चांगला आहे, पण केसाच्या बाबतीत ती लागू पडत नाही. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि त्यात रक्तवाहिनी नसते, त्यामुळे प्यालेले पाणी त्याच्या शेंड्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नाही. केसात जे थोडे पाणी असते ते सभोवतालच्या हवेतल्या दमटपणाप्रमाणे कमी-जास्त होते.

मला वाटते, आपली सगळ्यांची गल्लत ‘कोरडे’ या शब्दापाशी होते. ब्लीच केलेला, झिजलेला केस निरोगी केसापेक्षा पाणी कमी नव्हे तर जास्त शोषतो आणि अधिक फुगतो. मग तो कोरडा का वाटतो? केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले पारदर्शक पापुद्रे असतात, माणसाच्या केसात त्यांचे साधारण सहा ते आठ थर असतात. सर्वांत वरच्या पापुद्र्याला एका विशिष्ट मेदाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. त्याचे नाव १८-मिथाइलआयकोसॅनोइक आम्ल. केस एकमेकांवरून घसरतात आणि पाणी चटकन आत घेत नाहीत, ते या थरामुळे. ब्लीच आणि अल्कधर्मी रंग हा थर काढून टाकतात आणि एकदा गेला की त्या केसावर तो पुन्हा तयार होत नाही. पापुद्र्यांच्या कडा उचलल्या जातात, केस केसाला अडकतो, प्रकाश विखुरल्याने चमक जाते आणि बोटांना जो खरखरीतपणा जाणवतो त्यालाच आपण कोरडेपणा म्हणतो. म्हणजे तुमच्या केसांना पाणी हवे आहे असे नव्हे. त्यांचे छप्पर उडाले आहे आणि पाणी नको तेवढे आत-बाहेर करते आहे.

पाणी आत शिरले की केस जाडीला साधारण १५ टक्के फुगतो, लांबीला मात्र जेमतेम एक-दोन टक्के. दर धुण्याला होणाऱ्या या फुगण्या-आकसण्यात आधीच सैल झालेले पापुद्रे आणखी सुटत जातात. आतला गाभा केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याची ताकद गंधकाच्या बंधांवर अवलंबून असते. ब्लीचमुळे त्यांतले काही कायमचे तुटतात. म्हणून ‘पूर्ववत होतील का’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘जे केस आज डोक्यावर आहेत ते नाही’ असेच आहे. त्यांना जपता येईल आणि नव्याने येणारे तसे होऊ नयेत याची काळजी घेता येईल.

शंकेखोर
उत्तम प्रतिसाद, पण मग ‘खोलवर दुरुस्ती’ असे छापलेल्या इतक्या बाटल्या विकल्या जातात त्या निव्वळ थापा समजायच्या का? आणि तेलाचे काय? पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेली गोष्ट निरुपयोगी असेल, हे माझ्या गळी उतरत नाही.

रेणूबंध
थापा नाहीत, शब्द मात्र सैल वापरलेले असतात. कंडिशनरचे काम विद्युत्‌भाराचे आहे. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधले धन भार असलेले रेणू जिथे झीज जास्त तिथेच जास्त चिकटतात. लेबलवर बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड अशी नावे दिसतात ती यांचीच. अमोडायमेथिकोन हे सिलिकोनही असेच वागते. त्यामुळे तुटलेला बंध जुळत नाही, पण घर्षण कमी होते, आणि तुमच्यासारख्या केसात घर्षण कमी होणे म्हणजे तुटणे कमी होणे, त्यामुळे मी याला दुय्यम लाभ मानणार नाही. सिलिकोनला लोक उगीच नावे ठेवतात. सीरमचे दोन थेंब शेंड्यांना लावले तर गुंता निम्म्यावर येतो.

तेलाबाबत शंकेखोर यांची शंका रास्त आहे. रेळे आणि मोहिले या भारतीय संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यांत केसातून वाहून जाणारे प्रथिन लक्षणीय प्रमाणात कमी केले ते एकट्या खोबरेल तेलाने. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि लहान असल्याने ते केसाच्या आत शिरू शकते, त्यामुळे पाण्याने होणारे फुगणे आटोक्यात राहते. खनिज तेल वरच राहते. ते घसरण देते, पण आतले प्रथिन राखत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की खोबरेल तेलाचा उपयोग धुण्याआधी लावल्यावरही दिसला, म्हणजे ते पाण्यापासूनचे संरक्षण आहे. वेणीफणी यांनी रोज रात्री भरपूर तेल लावण्याऐवजी धुण्याच्या काही तास आधी, मुख्यतः लांबीला आणि शेंड्यांना, बेताचे तेल लावले तर तेवढाच लाभ होईल आणि ते काढण्यासाठी दोन-दोनदा शाम्पू घासावा लागणार नाही. रोजच्या जास्तीच्या तेलाचा खरा तोटा हा असा मागच्या दाराने येतो.

अंड्याच्या लेपातले प्रथिनाचे रेणू इतके मोठे असतात की ते केसात शिरत नाहीत, वाळून वर बसतात आणि धुताना निघून जातात. प्रथिनाचा उपयोग हवा असेल तर ते बारीक तुकडे केलेले असावे लागते, लेबलवर त्यापुढे ‘हायड्रोलाइझ्ड’ असे लिहिलेले असते. लिंबाच्या रसाचा सामू (म्हणजे पीएच; आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) दोनच्या आसपास असतो. सौम्य आम्लाने पापुद्रे मिटतात ही कल्पना खरी आहे, पण मोजमाप न करता इतके तीव्र आम्ल वापरणे मला पटत नाही, विशेषतः चांगल्या कंडिशनरचा सामू मुळातच आम्लधर्मी ठेवलेला असताना. उलट टोक म्हणजे साबण. त्याचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो आणि अल्कधर्मी पाण्यात केस अधिक फुगून पापुद्रे उघडतात. केसांना अंगाचा साबण लावणाऱ्यांनी बाकी सगळे उपाय शोधण्याआधी ती सवय सोडून पाहावी.

कातरवेळ
मी व्यवसायाने केशरचनाकार आहे. रसायनशास्त्र वर आलेच आहे, म्हणून मी फक्त हाताने करण्याच्या गोष्टींबद्दल लिहिते, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक ठिसूळ केस बाटलीतल्या द्रवापेक्षा हातांनी जास्त बिघडलेले असतात.

शाम्पू टाळूसाठी असतो. तो मुळांशी चोळावा, शेंड्यांना वरून ओघळणारा फेस पुरेसा होतो. केस डोक्यावर गोळा करून कपडा चोळल्यासारखे घासले की शेंड्यांचे पापुद्रे उलटे फिरतात. कंडिशनर याच्या बरोबर उलट, कानाच्या खाली. तो धुण्याआधीच, केसात असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने शेंड्यांपासून सुरुवात करून वर वर जात गुंता सोडवावा. ओला केस कोरड्यापेक्षा सहज ताणला जातो आणि ताण हद्दीबाहेर गेला की तुटतो, त्यामुळे घसरण नसताना ओले केस विंचरणे हा तुटण्याचा राजमार्ग आहे. टॉवेलने घासू नये, दाबून पाणी टिपावे. ओले केस घट्ट बांधून झोपणे तर नकोच.

ड्रायरविषयी लोकांचा एक समज मला नेहमी दुरुस्त करावा लागतो. केस आपोआप वाळू देणे हेच सर्वांत निर्धोक, असे मानले जाते. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पंधरा सेंटीमीटर अंतरावरून, म्हणजे साधारण ४७ अंश सेल्सियसला, सतत हलवत ठेवलेल्या ड्रायरने पृष्ठभागाचे थोडे नुकसान झाले आणि पाच सेंटीमीटरवरून, ९५ अंशांना, बरेच जास्त झाले. मात्र पापुद्र्यांना सांधणाऱ्या आतल्या थराला इजा आढळली ती फक्त नैसर्गिकरीत्या वाळवलेल्या केसांत. केस फार वेळ ओले राहणे हे त्याचे कारण असावे, असे त्यांनी सुचवले. मी स्वतः गिऱ्हाइकांना निम्मे वाळेपर्यंत मोकळे सोडायला सांगते आणि नंतर लांबून कोमट हवा देते.

स्ट्रेटनर ओल्या केसांवर फिरवण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो केस स्पंजासारखा दिसतो आणि त्या जागी हमखास तुटतो. चर्र असा आवाज आला तर समजावे की हेच चालले आहे.

वेणीफणी यांनी केलेल्या ‘सरळ करण्याच्या प्रक्रिये’बद्दलही बोलायला हवे. केराटिन या नावाखाली होणाऱ्या अनेक प्रक्रियांमध्ये तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्ये वापरली जात. त्यावरून ओरड झाल्यावर काही उत्पादनांत ग्लायॉक्सिलिक आम्ल आले. त्यानंतर मूत्रपिंडांना तीव्र इजा झाल्याच्या नोंदी आता वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. एकेकाळी मीही ही कामे उत्साहाने घेतली आहेत. आता घेत नाही. शेवटी फाट्यांविषयी : फाटा चिकटवता येत नाही. सीरमने तो दिवसभर मिटलेला दिसतो एवढेच. कापला नाही तर तो वर चढत जातो आणि केस आणखी वरच्या बाजूला तुटतो. कापल्याने केस वेगाने वाढतात ही मात्र भाबडी समजूत आहे, वाढ मुळाशी होते, त्या मुळाला कात्रीची खबर नसते.

पांढरा डगला
मी डॉक्टर आहे. येथे कोणाचे निदान करणार नाही, पण धाग्याच्या शीर्षकातच जो प्रश्न आहे त्याचे उत्तर देता येईल. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे केसाची लांबी ही त्याची दिनदर्शिका असते. टाळूपासून तीस सेंटीमीटरवरचा भाग दोन ते अडीच वर्षांचा असतो आणि त्या काळातले प्रत्येक धुणे, ऊन आणि उष्णता त्याने सोसलेली असते. म्हणून पहिली तपासणी दवाखान्यात नव्हे, आरशासमोर करावी. एक बट दोन बोटांत धरून टाळूपासून शेंड्याकडे हळूहळू बोटे सरकवा आणि खरखर नेमकी कोठे सुरू होते ते पाहा. मुळाशी गुळगुळीत आणि पुढे खरखरीत असेल तर कारण बहुधा बाहेरचे आहे. अलीकडे उगवलेला, कोणतीही प्रक्रिया न झालेला भागही राठ आणि ठिसूळ असेल तर कारण शरीरात शोधायला हवे.

शरीरातल्या कारणांत थायरॉइडची कार्यक्षमता कमी होणे पहिले आठवावे. त्यात केस राठ, कोरडे होतात, भुवयांची बाहेरची बाजू विरळ होऊ शकते आणि सोबत थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, वजन वाढणे अशी लक्षणे असतात. फार कमी खाऊन झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांचेही केस बिघडतात. केसांवर बारीक पांढरे ठिपके दिसत असतील आणि ओढल्यावर केस नेमका त्या ठिपक्यापाशी तुटत असेल तर त्याला ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा म्हणतात. पुष्कळदा ते उष्णता, रसायने आणि ओढाताण यांमुळेच होते, क्वचित जन्मजात दोषामुळे, आणि तसे लहान मुलात आढळल्यास तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे.

आता बायोटिन. या जीवनसत्त्वाची खरी कमतरता दुर्मीळ आहे. प्रौढाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतात आणि केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत अनेकदा ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतात. कमतरता नसलेल्याला त्याचा फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. हे फक्त पैशांचे नुकसान असते तर मी लिहिले नसते. मोठ्या मात्रेतले बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांत ढवळाढवळ करते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. हृदयविकाराच्या झटक्यात तपासले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. थायरॉइडच्या चाचणीत तर प्रत्यक्षात मंदावलेली ग्रंथी नीट किंवा अतिसक्रियही भासू शकते. म्हणजे ज्या कारणाने केस बिघडले असतील ते कारणच ही गोळी झाकून ठेवू शकते. तपासणीआधी आपण ही गोळी घेतो हे डॉक्टरांना सांगावे आणि ती किती दिवस आधी थांबवायची ते त्यांनाच विचारावे.

निरभ्र
माझे पहिले मत मी मागे घेतो. एक वेगळा प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि मी रोज पोहतोही. यांतले जास्त घातक काय?

रेणूबंध
जड पाण्यातले, म्हणजे शाळेत आपण ज्याला दुष्फेन म्हणायचो त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसते. साबण वापरत असाल तर त्याची न विरघळणारी साय केसांवर राहते, शाम्पूने तसे होत नाही. अधूनमधून क्षार धरून ठेवणारा, ईडीटीए असलेला शाम्पू वापरावा. झिजलेले केस हे क्षार जास्त पकडतात, त्यामुळे तेच पाणी घरातल्या एकाला बाधते आणि दुसऱ्याला नाही. तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवून, थोडे कंडिशनर लावून टोपी घालावी. आधीच भिजलेला केस तलावातले पाणी कमी पितो. पोहून आल्यावर लगेच धुवावे. जाता जाता : पोहणाऱ्यांच्या फिकट केसांना जी हिरवट छटा येते ती क्लोरीनची नसून पाण्यातल्या तांब्याची असते.

शंकेखोर
केसाचा तुकडा पाण्यात टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून त्याची सच्छिद्रता ओळखावी, असे सर्वत्र वाचतो. करून पाहावे का?

रेणूबंध
नको. केसावरचा तेलाचा अंश, कंडिशनर आणि चिकटलेला हवेचा बुडबुडा यांवरच निकाल ठरतो. वर सांगितलेली बोटांची परीक्षा जास्त बोलकी आहे.

वेणीफणी
सर्वांचे मनापासून आभार. मधल्या चार महिन्यांचा वृत्तान्त देते.

बोटांची परीक्षा त्याच रात्री केली. टाळूपासून साधारण चार बोटे केस गुळगुळीत लागले, त्याखाली एकदम खरखर. स्ट्रेटनर बंद करून तेव्हा सहा महिने झाले होते, म्हणजे दिनदर्शिकेचा हिशेब तंतोतंत जुळला, आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या हाताने केलेल्या नुकसानीची अशी बोटाखाली रेघ लागणे फारसे सुखाचे नव्हते. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याने बायोटिन थांबवून रक्त तपासले. थायरॉइड ठीक निघाले, शरीरातला लोहाचा साठा कमी निघाला आणि त्याचे औषध चालू आहे.

अंडे, लिंबू आणि रोजचे तेल बंद केले. धुण्याआधी दोन तास शेंड्यांना खोबरेल तेल, शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर असतानाच विंचरणे आणि लांबून कोमट ड्रायर, एवढेच ठेवले. खांद्यावर पडणारे तुकडे पहिल्या तीन आठवड्यांतच लक्षात येण्याइतके कमी झाले. मऊ भाग आता सहा बोटे झाला आहे. त्याखालचे केस मात्र पूर्वीइतकेच राठ आहेत, फक्त गुंता कमी होतो.

पांढरा डगला
लोहाचे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण घ्यावे, पण तुटण्याचे खापर त्यावर फोडू नये. लोह कमी असण्याचा संबंध मुळापासून गळण्याशी जोडला जातो आणि तुमची खरखर तर उष्णतेच्या तारखेपाशी सुरू होते.

वेणीफणी
पटले. आता उरला प्रश्न कात्रीचा. खराब झालेला सगळा भाग एकदम कापला तर केस हनुवटीपर्यंतही उरणार नाहीत आणि तेवढे धैर्य माझ्यात नाही. टप्प्याटप्प्याने कापले तर चालेल का, की तोवर फाटे वर चढून नवा भागही बिघडेल?

कातरवेळ
टप्प्याटप्प्याने जरूर कापा. फाटे दिसतात त्याच्या दोन बोटे वर पहिला काप घ्या आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी वाढीपेक्षा थोडे जास्त कापत राहा. मऊ आणि राठ भाग जिथे मिळतात ती जागा सर्वांत नाजूक असते, त्यामुळे रबर किंवा चाप नेमका तेथे लावू नका. एक गोष्ट केशरचनाकाराला आधीच सांगून ठेवा : केस कोरडे असताना कापा. तुमच्या केसांना मुळात लाट असेल तर भिजल्यावर ती पाण्याच्या वजनाने सरळ होते, केस आहेत त्यापेक्षा लांब भासतात आणि वाळल्यानंतर ठरवल्यापेक्षा दोन बोटे जास्त गेल्याचे कळते. पहिल्या कापणीला ती दोन बोटे फार जिव्हारी लागतात.